पाठीवरचे सात किलो

माणूस सामान बांधू लागला म्हणजे त्याला कशाकशाची धास्ती आहे ते न विचारता कळते. आमची कन्या पाठीवर एक सॅक टाकून महिनाभर युरोप पाहायला निघाली, तेव्हा लातूरच्या आमच्या घरात अशा धास्तींचा बाजारच भरला. तिच्या आईला उपासमारीची धास्ती, नांदेडच्या मावशीला थंडीची, आणि मला म्हणाल तर सगळ्याचीच!

मावशी सोलापुरी चादर घेऊन आल्या. ती आत घातली आणि सॅक भरली! "मावशी, विमानात जवळ ठेवायच्या सामानाला सात किलोंची मर्यादा आहे," कन्या म्हणाली, "आणि मुक्कामाच्या जागी पांघरूण मिळतं." चादर बाहेर आली. पाठोपाठ तूप आणि पेढे आले; बाहेरून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. शेंगदाण्याची चटणी तेवढी टिकली. जाड टॉवेलची जागा माझ्या पंचाने पटकावली. त्याला वजन नाही, आणि वाळतोही लवकर. कपडे तीन जोड : एक अंगावर, एक दोरीवर, एक सॅकमध्ये.

दोन गोष्टींबाबत मात्र तिने कोणाचे ऐकले नाही. पहिली म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि विमा यांच्या प्रतींची पिशवी. ती सगळ्यांत वर, चटकन हाताला लागेल अशी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हापासून माझ्या आईने घराची कागदपत्रे एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवली होती. कन्या तेव्हा जन्मलीही नव्हती. पण ती पिशवी पाहतच ती मोठी झाली.

दुसरी वस्तू पाण्याची बाटली, आणि तीही रिकामी! "रिकामी बाटली घेऊन कुणी घराबाहेर पडतं का गं?" तिच्या आईला राहवेना. त्यात तिचे काय चुकले? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाणी पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मायलेकी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. पण परदेशी जाणाऱ्याला विमानतळाच्या तपासणीतून शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत पाणी नेता येत नाही. बाटली तपासणीपलीकडे भरायची.

सॅक काट्यावर ठेवली. साडेसहा किलो! कन्या निघाली.

आठवड्याने रोमहून फोन आला. "बाबा, इथे रस्त्यारस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, 1874 सालापासूनचे. रात्रंदिवस वाहतात, कुणी बंदच करत नाही! बाटली भरली, पण ते वाहतं पाणी मला बघवेना. बोटानं तोंड दाबून धरलं, तर वरच्या भोकातून कारंजंच उडालं! इथले लोक तसंच पाणी पितात म्हणे."

तिची आई पोटभर हसली. सामानाची यादी अजून माझ्या टेबलावर आहे. त्या बोटाची सवय तिच्यात कुठे लिहिलेली नाही, आणि काट्यावरही ती दिसली नव्हती.