हक्कसोडपत्र

२०२१च्या सुरुवातीला अमेरिकेत घरकर्जाचे दर ३ टक्क्यांच्या खाली होते. म्हटलं, आपणही रिफायनान्स करून टाकू, म्हणजे नवं स्वस्त कर्ज काढून जुनं फेडायचं. बायकोची नोकरी नेमकी तेव्हाच सुटलेली. एजंट म्हणाला, "कर्ज तुमच्या एकट्याच्या नावावर घेऊ. मॅडमनी फक्त या क्विटक्लेम डीडवर सही करायची. नेहमीचंच आहे."

मी पेन पुढे केलं. तिने कागद वाचला. "अरे, हे तर हक्कसोडपत्र! तुझ्या आत्याकडून घेतलं होतं तसंच."

मी गप्पच झालो. गावच्या त्या सहीबद्दल काकांना सगळ्यात जास्त नावं मीच ठेवली होती!

मग नीट चौकशी केली. कर्जदार असणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. बँकेला चालत असेल, तर कर्जात नसलेली बायको मालकीच्या दस्तावर राहू शकते. तिने गहाणखतावर सही केली की झालं. बँक अडूनच बसली, तर कर्ज झाल्यावर तिचं नाव घालणारा नवा दस्त काउंटीत लगेच नोंदवायचा. राहत्या घरात जोडीदाराला मालक केलं म्हणून बँक सगळं कर्ज एकदम मागू शकत नाही. १९८२चा केंद्रीय कायदाच तसा आहे. पण 'करू नंतर' म्हणत राहिलो आणि मधेच मला काही झालं, तर तिला स्वतःच्याच घरासाठी कोर्टाच्या फेऱ्या!

आम्ही दुसरी बँक गाठली. पाव टक्का जास्त पडला. बायको म्हणते, स्वस्तात पडलं.