नाक आणि दगड

परवा नातवाने फोनवर विचारले, "आजोबा, 'कीप युवर नोज टु द ग्राइंडस्टोन' म्हणजे काय हो?" मी मास्तरी सवयीने सांगितले, "मान खाली घालून नेटाने काम करत राहणे. आणि ग्राइंडस्टोन म्हणजे जाते नव्हे बरं का, धार लावायचा फिरता दगड."

फोन ठेवला आणि एक जुना वर्ग आठवला. एका मुलाने याचाच अर्थ लिहिला होता, 'नाक घासत शरण जाणे'. मी ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला, मीही हसलो. गुण शून्य.

आता वेळच वेळ आहे, म्हणून मूळ शोधत बसलो. हा वाक्प्रचार जॉन फ्रिथच्या १५३२ सालच्या लिखाणात आहे, जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणींच्या पुस्तकातही आहे. गंमत म्हणजे दोन्हीकडे नाक स्वतःचे नाही, दुसऱ्याचे! ते दगडावर दाबून धरायचे, म्हणजे त्याला जेरीस आणायचे. स्वतःहून कष्ट उपसण्याचा अर्थ मागाहून रूढ झाला.

म्हणजे ते पोर मुळाच्या बरेच जवळ गेले होते. आजच्या अर्थाने उत्तर चूकच. गुण मी आजही देणार नाही. पण त्या दिवशी चाळीस मुलांपुढे त्याचे नाक मीच दगडावर धरले होते.

तो आता पन्नाशीला आला असेल. कधी भेटला तर एवढेच म्हणेन, "बाळा, उत्तर चुकलं होतं तुझं, पण हसायला नको होतं मी."