सटवाईची लेक

गेल्या महिन्यात भाच्याच्या कोथरूडच्या फ्लॅटवर गेले, तर दारातच ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी नाकात शिरली. त्याच्या लेकीची पाचवी होती. पाटा-वरवंट्याची पूजा मांडलेली, शेजारी कोरा कागद आणि पेन. भाचसुनेने विचारलं, "आत्या, सटवाई खरंच सगळ्यांचं लिहिते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लिहिते. पण तिने स्वतःच्या लेकीच्या कपाळी काय लिहिलं, ठाऊक आहे?"

हा प्रश्न मुळात आजीचा. नारायण पेठेतल्या वाड्यात, धाकट्या भावाच्या पाचवीच्या रात्री, मी झोपेना म्हणून तिने गोष्ट सुरू केली. आई रोज रात्री जाते कुठे, म्हणून सटवाईच्या लेकीने तिचा पिच्छा पुरवला. शेवटी विचारलं, माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई म्हणाली, तू तुझ्याच मुलाशी लग्न करशील. पुरुषाचं तोंडच पाहायचं नाही असं ठरवून लेक रानात निघून गेली. इथे आजी थांबली. "पुढचं मोठी झालीस की." मी मोठी होण्याआधी आजी गेली.

त्या उरलेल्या गोष्टीपायी मी जगभरच्या पुराणकथा वाचायला लागले. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं आणायची आणि सटवाईला शोधायचं. ती सापडायचीही. इजिप्तमध्ये सात हाथोर देवी बाळाच्या जन्माला येऊन त्याचं मरण सांगून जातात. ग्रीसमध्ये मेलिआगर सात दिवसांचा असताना तिघी दैवदेवता येतात: चुलीतलं हे लाकूड जळेल तोवर हा जगेल. आई ते लाकूड विझवून पेटीत जपून ठेवते, आणि त्याने तिच्या भावांना मारल्यावर स्वतःच्या हाताने जाळते. त्या आईचा मला कधी राग आला नाही.

मग कॉलेजात पु. लं.चं 'राजा ओयदिपौस' वाचलं आणि दचकले. वर्गात म्हटलं, अशी गोष्ट माझ्या आजीला येत होती. सर म्हणाले, बायकांच्या कहाण्या वेगळ्या, शोकांतिका वेगळी. तो राग अजून उतरलेला नाही.

याच शहरात भांडारकर संस्थेत १९१९ पासून महाभारताच्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचं काम चाललं होतं. ते १९६६ साली पुरं झालं. थोर काम. आजीच्या गोष्टीला मात्र पोथी नव्हती. तशी गोष्ट छापून ठेवली ती डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्व्यांनी, १९५० साली, 'मॅन' या लंडनच्या नियतकालिकात, तीही इंग्रजीत. ग्रंथालयात ती पानं हाती आली तेव्हा मी उभ्यानेच वाचली.

रानातल्या तळ्यावर राजाने चूळ भरली, तेच पाणी लेक प्यायली आणि तिला मूल झालं. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिने ते डोंगरावरून टाकून दिलं. एका निपुत्रिक माळ्याने ते वाढवलं. पुढे लिहिल्याप्रमाणे झालं. सासरी एके दिवशी तोच लुगड्याचा तुकडा तिच्या हाती लागला, त्याची हकीकत कळली. ती कुणाशी काही बोलली नाही. संसार करत राहिली.

नाटकात ओयदिपौसची आई आणि बायको योकास्ता हे कळल्यावर गळफास घेते. होमरकडेही तेच. युरिपिडीसने तिला जगवलं, पण शेवटी मुलांच्या प्रेतांवर तिला मारलंच. आपली लेक मात्र जगते. मला वाटतं, ही गोष्ट सांगणाऱ्या बायकांना सकाळी उठून चूल पेटवायची होती. तिला मारणं त्यांना परवडणारं नव्हतं. आजी त्या ठिकाणी का थांबली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते गप्प राहणं लहान मुलीला कसं सांगणार?

अलीकडे मात्र मन माळ्याच्या बायकोपाशी अडकतं. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तिच्या घरात मुलगा राहिला, सून राहिली. ओयदिपौसला वाढवणारी करिंथची मेरोपी एवढी भाग्यवान नाही. तिच्याशीच लग्न होईल या भीतीने तो घर सोडून गेला तो परतला नाही. नवरा वारल्यावर निरोप घेऊन करिंथचा एक माणूस थीब्जला त्याच्याकडे जातो आणि तू त्यांचा मुलगा नव्हेसच, हे तिथे सांगून टाकतो. पुढे नाटकात मेरोपीचं नावही येत नाही. तो माणूस करिंथला परतला असेल ना? त्याने तिला काय सांगितलं असेल?