मिरजेची सतार, हिंगोलीचं घर

युरोपात सोळाव्या शतकात हौशी लोक घरी ल्यूट वाजवत. ते अरबांच्या ‘ऊद’चंच रूप, नावही ‘अल-ऊद’वरून आलेलं. ऊद म्हणजे लाकूड. आम्हा दोघी बहिणींकडे मात्र मिरजेची सतार आहे. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं घडवली, भोपळा पंढरपूरकडचा. 2024 मध्ये या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण जवारी बिघडली की हिंगोलीहून मिरज गाठायचं, तेही एसटीत सतार मांडीवर घेऊन!

इशानंतर अर्धा तास आम्ही वाजवतो. तारेने बोटं कापतात. ‘लग्नाच्या मुलींना हे शोभतं का?’ असं बडे अब्बा विचारतात. आम्ही उत्तर देत नाही, तारा लावत बसतो. परवा तेच आतल्या खोलीतून म्हणाले, ‘खर्जाची उतरलीय, बघा जरा.’