जखम पाहिल्याशिवाय

धायरीतील आमच्या घराच्या गच्चीवरून पावसाळ्यातील स्वच्छ सकाळी सिंहगड दिसतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी कपडे वाळत घालता घालता माझी सून म्हणाली, "आई, उजव्या डोळ्याने गड धुक्यात गेल्यासारखा दिसतो." धुके तर कुठेच नव्हते. मी म्हणाले, "रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्यावर दुसरे काय होणार?"

महिन्याभरात डोळा आपोआप बरा झाला आणि माझेच म्हणणे खरे ठरले, असे मला वाटले. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मे महिन्यात पोळ्या करताना ती मध्येच ओट्याला टेकून उभी राही, तव्यावरची पोळी करपे. रक्ताच्या सर्व तपासण्या ठीक आल्या. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला ती आली नाही, तेव्हा मिस्सानंतर चर्चच्या आवारात मी चारचौघींना हसत हसत सांगितले, "आमच्या सूनबाईंना काम दिसले की थकवा येतो." त्या हसल्या. सून पाच पावलांवर उभी होती.

हे लिहिताना आजही लाज वाटते. परंतु ते लिहिल्याशिवाय पुढच्या गोष्टीला अर्थ नाही.

पायऱ्या उतरताना तिचा पाय दुसऱ्यांदा लुळा पडला, तेव्हा मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांनी मेंदूचा व पाठीच्या कण्याचा एमआरआय करण्यास सांगितले. आत जाण्यापूर्वी अंगावरचा सारा धातू काढावा लागतो. बांगड्या, केसांतील आकडे, मंगळसूत्र आणि गळ्यातला क्रूस तिने माझ्या ओंजळीत ठेवला. बंद दाराआडून यंत्राची ठकठक ऐकू येत होती. पाऊण तास मी तो क्रूस मुठीत धरून बसले. जपमाळेची रहस्ये म्हणू लागले, पण दहाच्या पुढे मोजणी जाईना.

हे यंत्र क्ष-किरण वापरत नाही. त्याचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून तीस हजार पटींपेक्षाही बलवान असतो. आपल्या शरीरात पाणी सर्वत्र आहे. त्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी क्षणभर डिवचले की ती परत येताना क्षीण संदेश देतात. त्या संदेशांतून संगणक चित्र रचतो. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्रे दाखविली. मेंदूच्या करड्या रंगात पांढरे ठिपके होते, जणू भिंतीवर ओल फुटावी तसे. "हा मल्टिपल स्क्लेरॉसिस," ते म्हणाले. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच वाट चुकतात आणि मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणावर हल्ला करतात. वायरीवरचे आवरण कुरतडले गेले की दिवा लुकलुकतो, तसे दृष्टीचे, चालण्याचे, तोल सांभाळण्याचे होते. अंग तापले की त्रास वाढतो. म्हणून मे महिन्यातला स्वयंपाकघरातला तो ओटा!

शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिल्यावर त्यांतील दोनच ठिपके उजळले होते. त्या ताज्या जखमा. बाकीच्या जुन्या. काही ठिकाणी काळसर खळगे होते. तेथे आवरणच नव्हे, तर आतील तंतूही बरेचसे नष्ट झाले असावेत, असे डॉक्टरांनी सांगितले. मी त्या जुन्या ठिपक्यांकडे पाहत राहिले. 'मोबाइल', 'आळस', 'नाटक' हे माझे शब्द आणि ते ठिपके एकाच काळातले होते.

या आजाराचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली केले. परंतु जिवंत माणसाच्या मेंदूतील ही हानी पुढची शंभराहून अधिक वर्षे नीटशी दिसत नव्हती. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी १९८१ साली दहा रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. सी.टी. स्कॅनमध्ये १९ जखमा दिसल्या होत्या, नव्या पद्धतीने आणखी ११२ दिसल्या. त्या ११२ जखमा रुग्ण अंगावर वागवीतच होते, फक्त पाहणाऱ्यांना दिसत नव्हत्या. आपल्याकडेही हा विलायती लोकांचा, क्वचित आढळणारा आजार मानला जाई. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजात तो बराच आढळतो, हे १९९० साली दाखवून दिले. १९८५ मध्ये मुंबईत या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या आजाराचा नावानिशी समावेश झाला.

आपल्या ख्रिस्तसभेला मात्र अशी एक रुग्णा सहा शतकांपासून ठाऊक आहे. हॉलंडमधील स्कीडाम गावची संत लिडविना पंधराव्या वर्षी बर्फावर घसरून पडली. पुढे तिचे चालणे गेले, दृष्टी अधू झाली, आणि १४३३ साली मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणालाच खिळून राहिली. तिला हाच आजार असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तिच्या वेळी यंत्र नव्हते. तिच्या वेदनेवर विश्वास ठेवायचा तर तिच्या शब्दावरच ठेवावा लागला असेल.

उपचार सुरू झाले. वर्षानंतरच्या एमआरआयमध्ये एकही नवा ठिपका नव्हता. आम्ही पेढे वाटले. त्याच आठवड्यात एका दुपारी ती पुन्हा निजलेली दिसली आणि माझ्या ओठांवर शब्द आले, "आता तर रिपोर्ट चांगला आहे ना?" ते मी गिळले, पण मनात प्रश्न राहिला. पुढच्या भेटीत तो मी डॉक्टरांना विचारलाच.

ते म्हणाले, ठिपक्यांची संख्या आणि माणसाचा त्रास यांचा मेळ नेहमी बसत नाही. मेंदूच्या बाह्य थरातील कित्येक जखमा नेहमीच्या चित्रात उमटतच नाहीत. पाण्याचे कण तंतूंच्या दिशेने कसे सरकतात हे मोजणाऱ्या नव्या पद्धती आहेत. साध्या चित्रात निरोगी वाटणाऱ्या भागातही त्यांना बिघाड सापडतो. वर्षानुवर्षे मेंदूचे आकारमान किती घटते, हेही अभ्यासले जाते. "चित्र खोटे बोलत नाही," ते म्हणाले, "पण ते सगळे सांगतही नाही. उरलेले त्यांनाच विचारा."

त्या रात्री मला संत थॉमस आठवले. जखमांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असे ते म्हणाले होते. प्रभूने त्यांना जखमा दाखविल्या, पण न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना अधिक धन्य म्हटले. मला प्रभूवर न पाहता विश्वास ठेवता येत होता. घरातल्या मुलीवर ठेवता येत नव्हता. तिच्यासाठी मला दीड टेस्लाचा चुंबक लागला.

प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरूंपुढे हे सांगणे सोपे गेले. सुनेपुढे सांगायला आणखी आठ महिने लागले. एका संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघीच होतो. मी चर्चच्या आवारातल्या त्या वाक्याची क्षमा मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, ते मी ऐकले होते." त्याहून अधिक ती काही बोलली नाही, आणि मीही मागितले नाही.

आता ती दमले म्हणाली की मी एवढेच विचारते, "खिडकी उघडू, की पंखा लावू?"