मैदानाचा जमाखर्च

पावसाळा लागला की क्रीडाशिक्षकांचे मोबाईल वाजायला लागतात. शाळेची नोंदणी करा, प्रवेशिका ऑनलाइन भरा, बोनाफाईड जोडा, आधार जोडा. गट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पायऱ्याही ठरलेल्या : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. राज्याच्या संघात निवड झाली की पुढचा खर्च सरकार बघतं. पण तिथवर पोचायचा खर्च? तो सर आणि पालक आपसांत बघून घेतात.

•

सोलापूर शहरातल्या एका सरांच्या डायरीतलं पान पाहायला मिळालं. जिल्हास्तराचा एक दिवस. एसटी जाऊन-येऊन. प्रवेश फी. झेरॉक्स (याला दोन ओळी, कारण एका पोराच्या जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना). पाण्याचे जार. वडापाव. क्रेप बँडेज, बर्फ. डबे घरूनच आले होते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्यामुळे जेवणाचा रकाना कोरा. मग जमेची बाजू : शाळेकडून अमुक, पोरांकडून तमुक. शेवटच्या ओळीत ‘स्वतः’ असं लिहून त्यापुढे आकडा. जमाखर्च तिथे जुळतो.

राज्यातल्या शालेय क्रीडेचं अंदाजपत्रक या ‘स्वतः’वर चालतं. ते विधिमंडळात मांडलं जात नाही, एवढंच.

•

कागदावर तरतूद आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपये धरलेले असतात. प्रश्न असा की महाराष्ट्रात सरकारी माध्यमिक शाळा आहेत किती? जिल्हा परिषद आणि महापालिका मुख्यतः सातवी-आठवीपर्यंत शिकवतात. पुढे पोरं जातात ती बहुतेक खाजगी अनुदानित हायस्कुलात. म्हणजे जिथे १७ आणि १९ वर्षांखालचे संघ उभे राहतात, तिथे हे २५,००० पोचतच नाहीत. योजना देशासाठी आखली, आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांचा पसारा तिच्यात बसला नाही.

•

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान हवं म्हटलं, खेळाचं साहित्य हवं म्हटलं. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवेत, असंही म्हटलं. मैदानावरून संघ घेऊन दुसऱ्या गावी जाण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. कायद्याच्या लेखी खेळ शाळेच्या कुंपणाआत सुरू होतो आणि तिथेच संपतो.

•

निधी कुठे जातो हे ओळखायची सोपी खूण : जिथे पाटी लावता येते तिथे. ओपन जिमला पाटी लागते, प्रेक्षक गॅलरीला लागते, प्रवेशद्वाराला तर लागतेच. स्मार्ट सिटीच्या पैशातून सोलापुरातल्या आपल्या पार्क स्टेडियमचा कायापालट झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथे महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना रंगला. झालं ते चांगलंच झालं. क्रिकेटपटू पॉली उम्रीगरचं नाव सांगणाऱ्या गावाला ते शोभूनही दिसलं. पण करमाळ्याच्या पोरांच्या जिल्ह्याच्या गावी येण्या-जाण्याच्या भाड्याला पाटी कुठे लावणार?

•

खो-खोचं दुखणं वेगळंच. दोन खांब, फक्की आणि मोकळी जागा, एवढ्यात खेळ उभा. विकत घ्यायला काही नाही, म्हणून साहित्याच्या अनुदानात मागायलाही काही नाही. सगळ्यात स्वस्त खेळ सरकारी फॉर्ममध्ये सगळ्यात गरीब ठरतो, कारण त्याचा खरा खर्च दोनच ठिकाणी : शिकवणारा माणूस आणि प्रवास.

आणि याच जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. मोठी स्पर्धा मॅटवर होते. मातीत वाढलेलं पोर मॅटवर उतरलं की पहिली अडचण बुटांची. माती अनवाणी पायांना सांभाळून घेते, मॅट घेत नाही.

•

खेळासाठी नसलेला निर्णय खेळाच्या कसा कामी येतो बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. मुलींच्या संघाचं भाडं एका फटक्यात अर्ध्यावर आलं. ना प्रस्ताव, ना समिती, ना उपयोगिता प्रमाणपत्र. कंडक्टर तिकीट फाडतो तिथेच अनुदान मिळून जातं. सर सांगतात, मुलींचा संघ नेणं आता तुलनेनं परवडतं. शालेय मुलींच्या खेळाला अलीकडे झालेली सगळ्यात सुटसुटीत मदत माझ्या मते हीच, आणि ती परिवहन खात्यानं केली.

मग स्पर्धेच्या पत्रावर मुलांच्या संघालाही अशीच सवलत देता येणार नाही का? पैसा शाळेच्या खात्यात टाकायचाच नाही. एसटी महामंडळानं बिल थेट क्रीडा विभागाला लावायचं. शाळेच्या खात्यात आलेला पैसा मार्चअखेरीस आला म्हणून परत जातो. संघ मात्र सप्टेंबरातच हरून घरी आलेला असतो.

•

पोरांकडून थोडेथोडे घेतले तर बिघडलं कुठे? हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या हायस्कुलांनी पैशाची चणचण आली म्हणून खेळाच्या संघात यायला फी लावली. गरिबांना माफीही ठेवली. १९८४ मध्ये तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयानं हार्टझेल विरुद्ध कॉनेल खटल्यात सांगितलं : मोफत शिक्षणात हे उपक्रमही येतात, फी चालणार नाही, आणि माफी ठेवली म्हणून ती वैध होत नाही.

माफीचा मुद्दा आपल्याकडे लगेच पटावा. विडी कामगाराचं किंवा यंत्रमागावर राबणाऱ्याचं पोर ‘मला फी माफ करा’ म्हणायला येत नाही. ते सरळ ‘पाय दुखतोय’ सांगतं आणि संघातून गळतं. सरांनाही कळतं पाय का दुखतोय ते.

•

उलट बाजूही लिहून ठेवतो. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. त्यामुळे ज्यांना परवडतं ते पालक खर्चाला मागेपुढे पाहत नाहीत. ज्या खेळात चार संघही नसतात तिथून राज्यापर्यंत जाणं सोपं, मग तो खेळ निवडायचा. पुढे नोकरीत पाच टक्के आरक्षण. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजलं ते याच वाटेवरचं. खालच्या पायरीवर पैसा नाही आणि वरच्या पायरीवर सगळी बक्षिसं, असं असलं की मधला जिना विकायला निघतो.

•

सोलापूरला वर्गणी मागायला शिकवावं लागत नाही. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती. पेठेपेठेत पावतीपुस्तकं निघतात. मंडळांच्या लेझीमची तालीम रात्र-रात्र चालते. शंभर पोरं एका लयीत घाम गाळतात, त्यांचा पोशाख, लेझीम, ढोल, सगळं पेठ उचलते. शारीरिक शिक्षणाचा एवढा मोठा तास कुठल्याच शाळेत होत नसेल.

तरी शाळेचा खेळ वर्गणीवर सोडायला मी तयार नाही. ज्या शाळेचे माजी विद्यार्थी डॉक्टर, बिल्डर झाले, तिथे एका मेसेजवर पैसे जमतील. महापालिकेच्या तेलुगू, उर्दू किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेनं मेसेज कुणाला टाकायचा? घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची ओळ असते. ती वर्गणी सगळ्यांनी आधीच भरलेली आहे.

•

१५ जानेवारी हा पैलवान खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. आता तो राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. इकडे सोलापुरात तेव्हा गड्डा यात्रेची गर्दी असते, भाषणं तरीही होतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबांना पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट भाषणात हमखास येते आणि टाळ्या पडतात. टाळी खर्डेकरांना द्यावीच. पण घर गहाण पडेपर्यंत बाकीचे सगळे काय करत होते, हेही त्याच माइकवरून विचारलं पाहिजे. सरांच्या डायरीतला ‘स्वतः’ हा त्याच गोष्टीचा किरकोळ अवतार आहे.

•

कंपन्यांचा पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक जबाबदारीचे दोन टक्के ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतात. जिल्ह्यात एनटीपीसीचा प्रकल्प आहे, चिंचोळी एमआयडीसी आहे, शिवाय साखर कारखाने आहेत. कुस्तीच्या फडाला या जिल्ह्यात पैसा कमी पडल्याचं ऐकिवात नाही. इनाम जाहीर करताना माइकवर नाव घेतलं जातं. हा पैसा घ्यावा, पण एखाद्या शाळेसाठी नको. तालुक्याच्या एका खात्यात जमा व्हावा आणि त्यातून मॅट, बूट, प्रशिक्षण शिबिरं, दुखापतीचा उपचार व्हावा. ज्याच्या गावात कारखाना नाही त्याच्या गुडघ्यालाही तोच डॉक्टर मिळावा.

•

तर वाटणी अशी. तालुका आणि जिल्हा या दोन पायऱ्या पूर्णपणे सरकारी : प्रवेश फी शून्य, प्रवास एसटीच्या पत्रावर, शिक्षक पगारी आणि पूर्णवेळ. तिथे पोरं जास्त असतात, कॅमेरे नसतात, म्हणून तिथे देणगीदार फिरकत नाही. जिथे तो फिरकत नाही तिथेच सरकारनं असायचं. विभागापासून पुढे कंपन्या, कारखाने, मंडळं यांनी खुशाल यावं. टी-शर्टवर नाव छापायचं तर छापावं, अगदी पाठीवर मोठ्या अक्षरांत. एक अट : टी-शर्ट द्यायच्या आधी त्या संघाचं परतीचं भाडं दिलेलं असावं.