दोन बोल्ट

तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरी तेलाची पारख मुद्दाम शिकवावी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यात तीन पिढ्या करडई, शेंगदाणा आणि सरकीच्या तेलाचा व्यवहार करणाऱ्या एका घराण्यात तर आजोबा डब्याचे झाकण उघडताच, वासावरून आणि दोन बोटांत थेंब चोळून, घाण्यावरचे कोणते आणि भेसळीचे कोणते ते सांगत. त्याच घरातील धाकटा मुलगा गेल्या फाल्गुनात तेलानेच फसला.

मुलगा वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला होता. ज्या शहराच्या वाळूज भागात १९८५ पासून दुचाकी गाड्या तयार होतात आणि शेंद्र्यात २००१ पासून मोटारी जुळविल्या जातात, तेथील तरुणांना आपल्याला यंत्र कळते असे वाटावे, यात नवल नाही. घरच्या ऑटोमॅटिक मोटारीचे इंजिन ऑइल बदलण्याची वेळ झाली होती. मोबाइलवर एक चित्रफीत पाहून त्याने ठरविले की हे काम आपणच करावे. दोन हजार रुपये वाचतील आणि बाबूजींना कौतुक वाटेल. यातील कौतुकाचा भाग मोठा होता.

रविवारी दुपारी त्याने जॅक लावून गाडीचे तोंड वर उचलले आणि खाली विटा रचल्या. (विटांवर टेकविलेल्या गाडीखाली शिरणे हे त्या दिवशीचे सर्वांत मोठे धाडस होते, पण त्याविषयी घरात कोणी बोलले नाही.) चित्रफितीतील गाडी वेगळी होती. पुढची चाके चालविणाऱ्या बहुतेक मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी आडवे बसविलेले असतात. खालून पाहिले तर दोन्हींच्या तळाशी एकेक बोल्ट दिसतो. मुलाला आधी जो दिसला तो त्याने सोडला. तेल आले ते लालसर, पातळ आणि स्वच्छ. ‘अजून किती चांगले आहे!’ असे त्याला वाटले. तीन लिटरचा कॅन भरत आला तसा त्याने घाईने बोल्ट पुन्हा आवळला, वरून इंजिनात नवे साडेतीन लिटर ऑइल ओतले, आणि पट्टी काढून पातळी पाहण्याचे राहून गेले. कॅन मात्र त्याने गटारीत रिकामा केला नाही. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते हे त्याने कोठेतरी वाचले होते, म्हणून तो जिन्याखाली ठेवला. तेवढे एक त्याच्या हातून नीट झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबूजी, आई आणि आजी चाळीसगावला साखरपुड्यासाठी निघाले. मुलगाच गाडी चालवीत होता. शहराच्या सपाट रस्त्यावर अधूनमधून एखादा झटका बसे, एवढेच. दौलताबादचा किल्ला मागे पडला आणि घाटाची चढण लागली, तेव्हा इंजिन ओरडू लागले आणि गाडी मात्र पुढे सरेना. मागून निळसर धूर निघाला. घाटातील जुन्या दरवाजाच्या अलीकडे, ट्रकांच्या भोंग्यांत, गाडी उभी राहिली. आजीने हातातील पिशवी छातीशी धरली.

ऑटोमॅटिक गाडीत पायाने दाबायचा क्लच नसतो. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये समोरासमोर दोन पात्यांची चक्रे तेलात बुडालेली असतात. इंजिन एक चक्र फिरविते, ते तेल उसळविते, आणि त्या तेलाच्या लोटाने दुसरे चक्र फिरते. अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मोटारींत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स प्रथम मोठ्या प्रमाणावर आला, तेव्हाही शक्ती तेलामार्फतच पोहोचत होती. गिअर बदलणाऱ्या प्लेटाही तेलाच्याच दाबाने एकमेकींना धरतात. तेल कमी असले तर सपाटीवर कसेबसे निभते. चढावर ते मागे सरकते, पंप हवा ओढू लागतो, दाब पडतो आणि प्लेटा घसरून जळतात. इकडे इंजिनात दुप्पट तेल झाले की फिरता दांडा त्याचा फेस करतो, आणि ते जळून धूर निघतो. एकाच चुकीने दोन्ही यंत्रे बिघडली होती.

बाबूजींनी घराण्याच्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला. आजोबांच्या फियाटपासून घरातील प्रत्येक गाडी या चाचांच्या हातून गेलेली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच ब्रेकचे काम केले होते.

“चाचा, तुमच्या हातून असे होईल असे वाटले नव्हते,” बाबूजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे तो अधिक लागला असावा. मुलगा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही.

चाचा तासाभराने आले. त्यांनी पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून काढली, आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग गाडीखाली वाकून पाहिले. गिअरबॉक्सच्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे होते. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “सेठजी, गाडी टोचन करून नेतो. तुम्ही दुसऱ्या गाडीने पुढे व्हा, आजींना उन्हात बसवू नका.” आरोप त्यांनी परत केला नाही आणि स्वीकारलाही नाही.

त्या रात्री मुलाला झोप लागली नाही. गिअरबॉक्स उघडावा लागणार, खर्च ८०,००० रुपयांपर्यंत जाईल, हे कळले होते; पण रकमेपेक्षा घाटातील ते मौन त्याला जाचत होते. मंगळवारी दुपारी तो जिन्याखालचा कॅन घेऊन मोंढ्यात गेला आणि गादीसमोर ठेवला.

“बाबूजी, हे मी काढलेले इंजिन ऑइल.”

बाबूजींनी झाकण उघडले. सवयीनेच दोन बोटे बुडवून त्यांनी थेंब चोळला, उजेडाकडे धरला, हुंगला. “हजारो किलोमीटर चाललेले तेल काळे असते. हे लाल आहे.” क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “चाचांना ठाऊक होते?”

“घाटातच कळले असावे.”

मुनीम हिशेबाच्या वहीत डोके घालून बसले. बाबूजींनी बोटे फडक्याला पुसली, चपला घातल्या आणि मुलाला कॅन उचलायला सांगितले. बोलणी बसली नाहीत. ती बसली असती तर मुलाला बरे वाटले असते.

गॅरेजात चाचा गिअरबॉक्सच्या जळक्या प्लेटा कागदावर मांडीत होते. बाबूजी दारातच थांबले आणि त्यांनी हात जोडले. “चाचा, काल मी न तपासता बोललो.”

“सेठजी, बसा,” चाचांनी लाकडी स्टूल पुढे सरकविले. त्यांनी एकदा बाहेर आकाशाकडे पाहिले. या घरात सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, हे त्यांना चाळीस वर्षे ठाऊक होते. “अजून अर्धा तास आहे. चहा येईल.”

मग त्यांनी शेजारच्या एका गाडीचे बॉनेट उघडले, स्वच्छ फडके मुलाच्या हाती दिले आणि म्हणाले, “बेटा, पट्टी काढ. पूस. परत घाल. आता काढ, आणि मला सांग, तेल कुठवर आहे?”